शिकाऱ्याच्या घरातली आई

अप्पा,

तुमच्या त्या रक्तपिशाच्चांच्या शिकाऱ्यावर सिनेमे निघाले. एक नव्हे, दोन. तुम्ही असता तर पहिल्यालाच मध्यंतरात चहा प्यायला म्हणून उठला असता आणि परत आत आला नसता.

मला अजून मळमड्डीतल्या आपल्या घरातला रविवार दिसतो. तुम्ही पातेल्यात भात लावलाय, मी ओट्यावर बसून हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या रद्दीतून आणलेलं कॉमिक उघडं धरलंय. खिडकीतून तिरपं ऊन येतंय आणि वाफेमागं चित्रं हलल्यासारखी वाटतायत. मला इंग्रजी येत नाही. शाळेत इंग्रजी शिकवणारे तुम्ही हातात डाव धरून मला ते मराठीत सांगताय. तुमचा शिकारी आपल्यासारखाच, उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड. पिशाच्च पळायला लागलं की "ए निंदरले!" म्हणत त्याच्यामागं धावायचा, जसं पिशाच्च थांबणारच होतं. घरी आला की त्याची आई असायची. ती चित्रात कधीच दिसली नाही. "ती आत आहे, स्वयंपाकात," तुम्ही म्हणायचात. आणि आतूनच ती ओरडायची, "आलास होय? आधी चूळ भर! त्या लाल तोंडानं माझ्या भाताला शिवायचं नाही!" मी हसून हसून ओट्यावरून पडायच्या बेताला येई. माझी आई मी रांगत असतानाच गेलेली. तिच्याबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नसे, तुम्ही तर नाहीच.

तुम्ही गेल्यानंतर हुबळीच्या थिएटरात पहिला सिनेमा पाहिला. कॉमिकातला शिकारी दमायचा, घाबरायचा, कधी भलत्याच माणसाच्या मागं लागायचा. पडद्यावरच्याला घामसुद्धा येत नव्हता. दुसऱ्या सिनेमात त्याची हत्यारं वाढली आणि तो बोलेनासाच झाला. तेही चाललं असतं, पण आई कुठंय? सिनेमावाल्यांनी आईच कापली म्हणून मी मैत्रिणींशी कडाकडा भांडले.

मग लग्नानंतर एकदा माळ्यावरच्या ट्रंकेत ते कॉमिक सापडलं. आता मला इंग्रजी वाचता येत होतं. पानं उलटत गेले, आई कुठंच नाही. शिकारी घरी येतो, एकटाच टेबलाशी बसतो. त्या चौकटींत एक शब्द छापलेला नाही.

मी मावशीला, आईच्या धाकट्या बहिणीला, फोन केला. तुमची ही लबाडी सांगितली, चूळ भरायचं ते वाक्य तुमच्यासारखंच हेल काढून म्हणून दाखवलं. ती हसली नाही.

"अगं, ही तर आमची अक्का," ती म्हणाली. "तुझे अप्पा पान खाऊन आले की आतनं अश्शीच ओरडायची बघ."

फोन ठेवून मी तिथंच जमिनीवर बसले आणि खूप रडले. एवढी वर्षं मला वाटत होतं, आईचा आवाज मी कधी ऐकलाच नाही.

हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून टाकत नाही. एक मात्र सांगून ठेवते. परवा लेकीला ते पान वाचून दाखवलं, तेव्हा आई आतून ओरडली आणि तिथंच आत, तिच्याशेजारी पाटावर बसलेले तुम्हीही बोललात, "येऊ दे गं त्याला, दमलाय." तुम्हाला न विचारताच बसवलंय.