सांबरे कोण?

मोहर्ली, १४ डिसेंबर

आदरणीय कांताआत्या,

सप्रेम जयभीम. गुडघा कसा आहे? धान घरी आलं असेल आणि यंदाचा तांदूळ मागच्यापेक्षा बरा असेल, असं आम्ही इथे बसून ठरवून टाकलं आहे. आम्ही सगळे ठीक. (बाबा रागावलेले आहेत, पण जेवतात.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं भरता, आणि इथली सगळी भानगड त्यानंच झाली आहे.

माजरीचा मुलगा मला बघून गेला, हे बाबांनी सांगितलंच असेल. अश्वजित नाव, कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन. बघायला आलेले लोक स्वयंपाकाचं विचारतात, उंची विचारतात. यानं विचारलं, "वाघ नाई दिसला तर लोक तुमच्यावर चिडतात का?" सफारीत गाइड होऊन मला चार वर्षं झाली, पण हे अजून कोणी विचारलं नव्हतं. मी "चिडतात" एवढंच म्हटलं, आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. निघताना त्याची आई म्हणाली, दोन दिवसांत कॉल करतो.

आता आत्या, कॉल हा शब्द मोहर्लीत फार राबतो. फोन आला तर कॉल. शेजारच्या आयुषला पोलीस भरतीचं पत्र आलं, तोही कॉल. आणि जंगलात वाघाची चाहूल लागून चितळ, वानर, सांबर ओरडलं की तोही कॉलच. तो ऐकून गाडी थांबवली, की आम्ही 'कॉलवर' असतो. (चितळ उगाचही घाबरतं. सांबर मात्र वाघ असल्याशिवाय सहसा तोंड उघडत नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं असं होतं, की जिप्सी पाण्याखालून चालल्यासारखी वाटत होती. कोळ्यांची जाळी दवानं वाकलेली, सागाची पानं टपटपत होती, आणि मी गाइडच्या सीटवर बसून मनानं माजरीला पोचले होते. मागे नागपूरचे रिटायर्ड काका-काकू. तेवढ्यात बांबूतून सांबर ओरडलं. ड्रायव्हर लटारूभाऊंनी गाडी थांबवली, कुजबुजले, "रिना, कॉल!" आणि माझा हात खिशाकडे गेला. (मोबाईल गेटवर जमा होता.) काका खवळले, "आमचे मोबाईल जमा, अन् तुमचे चालू?" मी त्यांना समजावत होते, लटारूभाऊ हसू गिळत होते, आणि तेवढ्यात वाघीण धुक्यातून आली, रस्ता ओलांडून धुक्यातच गेली. काकांची तिकडे पाठ होती. फक्त काकूंनी पाहिली. नवऱ्याला त्यांनी सांगितलंच नाही. गेटपर्यंत नुसत्या हसत बसल्या.

आम्ही अजून आतच होतो, तेव्हा गेटवर माझा फोन वाजला. गेटवर बसणारी माझी मैत्रीण निशा, तिनं उचलला. पलीकडे अश्वजित, मागे खाणीतली यंत्रं धडधडत होती. निशाला आधी परतलेल्या दुसऱ्या गाडीवाल्यांनी आमची बातमी दिली होती. ती म्हणाली, "रिना कॉलवर हाये." त्यानं विचारलं, "कोनाच्या?" ती म्हणाली, "सांबराच्या. आता घंटाभर तरी हालत नाई."

त्याला ऐकू आलं, सांबरेच्या.

संध्याकाळी त्याच्या आईनं बाबांना कळवलं, मुलगी चांगली आहे, पण आधी तिचं त्या सांबरेंशी काय ते मिटू द्या. बाबांनी मला समोर बसवलं. "हा सांबरे कोन होय?" मी म्हटलं, "कोनता सांबरे?" बाबा ताडकन उठले. "म्हंजे दोन हायेत?"

गावात सांबरे आडनावाचं एकच माणूस, पोस्टातून रिटायर झालेले आजोबा. बाबा जाऊन त्यांना काहीबाही बोलून आले. मी रडले नाही, पण जंगलात कॉल झाला की सांबराला मनातल्या मनात शिव्या घालायचे.

चौथ्या दिवशी दुपारी अश्वजित मोटरसायकलवर एकटाच आला. आम्ही इरई धरणाच्या पाण्याकाठी बसलो. म्हणाला, "मले खरं सांगा, सांबरे कोन?" मी सांगितलं. त्याला पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच. पाणी तांबूस होत चाललं होतं, पलीकडचा काठ विरघळत होता, आणि त्या विरघळलेल्या काठावरून सांबर ओरडलं. मी बोट दाखवलं, "हे." तो आधी दचकला, मग पोट धरून हसला. हळूच म्हणाला, "आणखी एकदा ओरडन काय?" आम्ही वाट पाहिली. ओरडलं नाही. तरी थंडी वाजेपर्यंत बसून राहिलो.

जमलं म्हणायचं. बाबांचा राग अजून आहे, कारण आजोबांची माफी मागावी लागली.

तुमची भाची,
रिना

ता. क. त्या दिवशी हात नुसता खिशाकडे गेला नव्हता. मी "हॅलो" पण म्हटलं होतं. लटारूभाऊ भेटले तर सांगतीलच.

ता. क. २. अश्वजित म्हणतो, लग्नानंतर मी इथलं काम सोडू नये, सुट्टीच्या दिवशी तो येत जाईल. बाबा म्हणतात, असा कुठे संसार असतो का. तुम्ही चामोर्शीच्या दवाखान्यात नर्स आणि मामाजी नोकरीला बल्लारशाला, असा सोळा वर्षं संसार केलात. विचारलं की म्हणता, काही वाटायचं नाही. आत्या, सोमवारी सकाळी त्यांची बस गेली की घर कसं वाटायचं? खरं लिहा. बाबांना दाखवणार नाही.