पलीकडची टाकी आणि आपल्या मातोश्री

तीर्थस्वरूप दादांना, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची पाठ? (फोनच केला असता, पण तो तुमच्याकडे मातोश्रीच उचलतात.) त्या शनिवारच्या बसनं सुखरूप पोचल्या असतीलच, आणि माझ्याबद्दल बोलायला लागून दोन दिवस झाले असतील. म्हणून माझी बाजू कळवतो.

गावाचं सगळं सांडपाणी माझ्या हाताखालून जातं, हे तुम्ही जाणताच. टाक्यांमध्ये पंपानं हवा सोडायची, त्या हवेवर जगणारे जिवाणू घाण खातात, गाळ तळाशी बसतो आणि वरचं नितळ पाणी समुद्रात. हवा कमी पडली की जिवाणू गुदमरतात आणि वास सुटतो. पण अठरा वर्षांच्या नोकरीनंतर मला वासच येत नाही (तुमची बहीण हा माझा एकमेव गुण मानते, भाजी करपली तरी तक्रार नसते). त्यामुळे माझी सगळी भिस्त पाण्यातली हवा मोजणाऱ्या मीटरवर.

मातोश्री आल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी क्वार्टरच्या ओट्यावर चहा पिताना म्हणाल्या, "जावईबापू, त्या पलीकडच्या टाकीचं काहीतरी बिनसलंय." मी मीटर पाहिला, तर दोन पूर्णांक एक. झकास. मग हे रोजचंच झालं. तीन आठवडे टाकी, माझे बूट, माझा टॉवेल आणि शेजारच्या मास्तरांचा कुत्रा यांचा सकाळ-संध्याकाळ अहवाल. शुक्रवारी पाणी समितीचे अध्यक्ष फेरीवर आले, तर मातोश्री टाकीच्या कठड्याशी नाकाला रुमाल लावून उभ्या. "साहेब, हिला हवा पुरत नाही हो." माझा पारा चढला. अठरा वर्षं मी इथे गोट्या खेळत नव्हतो, तुमचं नाक घरी ठेवत जा, असं मी चारचौघांत बोलून गेलो. त्यांनी संध्याकाळी बॅग भरली. मी तत्परतेनं तिकीट आणून दिलं, खिडकीजवळचं.

काल रविवारी टाकी काळीठिक्कर पडली. मीटरची पाण्यातली कांडी पुसायला बाहेर काढली, तर हवेतही दोन पूर्णांक एक. बादलीत तेच. चहात बुडवली, तरी तेच! खाऱ्या वाऱ्यानं आतली तार कधीच गंजली होती, आणि मी चार महिने रजिस्टरात तोच आकडा वळणदार अक्षरात लिहून स्वतःची पाठ थोपटत होतो. पंपाचा पट्टा सैल होऊन हवा निम्मीच येत होती. पट्टा बदलला आहे. जिवाणू सावरत असावेत, पण ते मला कळणार कसं? ही घाण समुद्रात गेली तर मच्छीमार मला तिच्यातच बुचकळून काढतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

दादा, खरं सांगतो, मला लाज वाटते. त्या बरोबर होत्या आणि मी त्यांना परक्यांसमोर बोललो.

पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे.

आपला, नाकानं अधू असलेला,
मेहुणा

ता. क. नवा मीटर यायला तीन आठवडे आहेत आणि तपासणी गुरुवारी. नापास झालो तर नोकरी आणि क्वार्टर दोन्ही जातील. मातोश्रींना बुधवारपर्यंत पाठवा. टाकीशी खुर्ची टाकली आहे, उशीसकट. त्या म्हणतील तेच रजिस्टरात जाईल.

ता. क. २ मी चूक कबूल केल्याचं त्यांना सांगू नका. नातीला करमत नाही म्हणा. (नात सहलीला गेली आहे, पण ते त्यांना इथे आल्यावर कळेल.)

ता. क. ३ त्या नाहीच म्हणाल्या तर आग्रह करू नका. शुक्रवारी क्वार्टर रिकामं करून आम्ही तिघं सामानासकट तुमच्याकडेच राहायला येतो.