दुमडलेली ओळ

रसेल,

खिमा-बटाट्याचा कॉटेज पाय ओव्हनमध्ये आहे, नुसता गरम करून घे. मटार संपलेत.

नव्या घराच्या खरेदीचा तुझ्या वकिलाकडून आलेला कागद टेबलावरच आहे. सही कुठे करायची तिथे तू पिवळी पट्टी चिकटवून ठेवलीस, पण मी सही केलेली नाही. "अगं आई, नुसता सोपस्कार आहे, बँकेला लागतो," म्हणालास. मी चष्मा लावून सगळा वाचला. घर तुम्हा नवरा-बायकोच्या, तुझ्या आणि लिनच्या नावावर, मी नुसती राहणारी. उद्या हप्ते थकले आणि बँकेने घर ताब्यात घ्यायचं ठरवलं, तर मी चकार शब्द न काढता बाहेर पडायचं. याला सोपस्कार म्हणतात होय रे?

माझं कॉर्बीचं घर विकलं ते याच घरासाठी. तेव्हा एवढं विचारलं तर लिनने तोंड पाडू नये.

शुक्रवारी करार पक्का करायचाय, ठाऊक आहे. म्हणून सकाळच्याच बसने केटरिंगला एका वकीलबाईंकडे चाललेय. एकटीच. त्यांना विचारून मग सहीचं बघू.

हे खूळ माझ्या डोक्यातलं नाही. सही करण्याआधी मी स्वतःचा वेगळा वकील गाठावा, असं तुझ्याच वकिलाने त्याच कागदाच्या तळाशी लिहिलंय. नेमका तेवढाच भाग मागे दुमडलेला होता.

इस्त्री फिरवून घडी मोडली आहे.

आई