कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला

प्रिय बाबा,

काल तुमच्या जाण्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी वंदना घेऊन गेले, जेवणं उरकली, मिलमधले तुमचे जुने सोबती एकेक करून उठले. दारात चपला घालता घालता त्यांच्यातले गुलाबकाका मला एक वाक्य बोलून गेले आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. आज आई बाजारात गेलेली पाहून लिहायला बसले. तुमच्याशी भांडायचं आहे, आणि समोरासमोर भांडायची सोय तुम्ही ठेवली नाही!

त्यात टीव्ही केंद्रातून निरोप आला आहे. शनिवारच्या कार्यक्रमात तुमच्याबद्दल मी बोलावं, असं त्यांचं म्हणणं. मी परवाच नाही म्हणून कळवलं होतं. कॅमेऱ्यासमोर? मी? पण काकांचं ते वाक्य ऐकल्यापासून माझा नकार डळमळला आहे. ते वाक्य सांगते, पण आधी सगळं पहिल्यापासून बोलू द्या. तुम्हाला आता कुठली घाई आहे?

मी लहान असताना लोक म्हणायचे, देवाजी कोचची टीम मुकी आहे. मिलमागच्या मैदानावर समोरची टीम ओरडून ओरडून घसा बसवायची आणि तुमची पोरं चिडीचूप! तुम्ही साचेखात्यातले विणकर. तिथं साच्यांचा, म्हणजे मागांचा, खडखडाट एवढा, की कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येऊ नये. म्हणून तिथं सगळे हातांनी बोलायचे. धागा तुटला, मुकादम आला, चहा सांग, सगळं हातांनी. तीच भाषा तुम्ही फुटबॉलमध्ये आणलीत. मनगट वळवलं की बॅकनं मागं यायचं, कोपर उचललं की बाजू बदलायची. हुकूम सुटला कधी आणि पोहोचला कधी, समोरच्यांना पत्ताच लागायचा नाही.

घरातही तेच. पाहुणे बसलेले असताना साखर संपल्याचं आईनं तुम्हाला स्वयंपाकघराच्या दारातून कितीदा सांगितलं असेल! पाहुण्यांना वाटायचं, बाई माशी हाकलते आहे.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा थक्क करायची. मध्यंतरात पलीकडचा कोच आपल्या खेळाडूंना गोळा करून हळूच काही सांगायचा. मैदानाच्या त्या टोकाला तो, या टोकाला आपण. आणि तुम्ही संत्र्याची फोड तोंडात टाकून आपल्या पोरांना म्हणायचात, "आता ते उजवीकडून येतीन गा. सांभाळजा." आणि ते उजवीकडूनच यायचे! मी विचारलं होतं, बाबा, तुम्हाला जादू येते का? तर म्हणालात, "जादूबिदू काही नसते वं. पाहा लागते." मी ते तेवढ्यावरच सोडून दिलं.

पुढे माझं लग्न झालं, भंडाऱ्याला गेले, आणि नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा ट्रंक घेऊन परत आले. तुम्ही ट्रंक उचलून आत ठेवलीत आणि एक शब्द विचारला नाहीत. विचारायला वस्ती होतीच. नळावर गेलं की "काहून आली वं? राहाले आली का?" मी नळावर जाणं सोडलं. मग दुकानात जाणं सोडलं. मग बोलणंही सोडलं. स्वयंपाकघरातल्या त्या कोपऱ्यात, पिठाच्या डब्याला टेकून बसायचे. आई रडायची. तुम्ही मात्र काहीच करत नव्हतात, आणि मला त्याचा राग यायचा. माझ्या बाबांना मैदानावरची सगळी पोरं दिसतात, घरातली पोरगी दिसत नाही!

तेव्हाच टीव्हीचं ते वेड आलं. वर्ल्डकपच्या मॅचेस लागल्या आणि नागपूरभर सगळे एकदम फुटबॉलपटू झाले. सेमिनरी हिल्सवरच्या टीव्ही केंद्राला मॅच समजावून सांगणारा माणूस हवा होता. शहरातल्या निम्म्या टीम तुमच्या हाताखालून गेलेल्या, म्हणून बोलावणं तुम्हाला आलं. मिलमधून निवृत्त झालेला माणूस टीव्हीवर! आईनं तुमचा कोट उन्हात घातला तेव्हा अख्खी वस्ती पाहायला आली होती.

पहिल्या कार्यक्रमाला तुम्ही एकटे गेलात, आणि काय गंमत झाली! सवयीप्रमाणे अर्धं हातांनीच बोललात आणि कॅमेरा तुमचा फक्त चेहरा दाखवत होता. शेजारच्यांच्या टीव्हीवर आईला तुमचे खांदे हललेले दिसले, बाकी शांतता. तिकडे गुलाबकाका आणि मिलची मंडळी बर्डीवर, बाजारातल्या टीव्हीच्या दुकानासमोर रस्त्यात उभी होती. दुकानाची काच बंद, आवाज बाहेर येत नव्हता. तरी काकांनी रात्री घरी येऊन निवेदकानं काय विचारलं आणि तुम्ही तोंडानं काय उत्तर दिलं, ते शब्दन्‌शब्द सांगितलं. मी कोपऱ्यातून ऐकत होते. हे लक्षात ठेवा बाबा, मी नंतर यावर येणार आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर येऊन उकिडवे बसलात. म्हणालात, "शालू, मले त्या साहेबाचं काही ऐकू नाही आलं. साच्यानं कान खाल्ले माह्ये. तू कॅमेऱ्यापाशी उभी राह्य. तो विचारन ते हातानं सांग. नाही तं देतीन हाकलून." मी मान हलवली, नाही. तर तुम्ही म्हणालात, "मंग राह्यलं. मीबी नाही जात." आणि कोट काढून खुंटीला अडकवलात. त्या लटकणाऱ्या कोटाकडे पाहून मला काय वाटलं असेल, सांगा बरं? चार दिवसांनी मी उठले, केस विंचरले आणि तुमच्या सायकलवर मागे बसले.

तिथं एका माणसानं मला कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला उभं केलं. निवेदक प्रश्न विचारायचा, मी हातांनी सांगायचे, तुम्ही माझ्याकडे पाहत क्षणभर थांबायचात आणि मग सावकाश उत्तर द्यायचात. त्या थांबण्यानं तर तुम्ही प्रसिद्ध झालात! लोक म्हणायचे, माणूस पाहा किती विचार करून बोलतो. आपल्या वस्तीतले पुढारी भाषणाआधी डावीकडे पाहू लागले. शेजारचा बंडू मुलगी पाहायला गेला, तिथं नाव विचारल्यावर डावीकडे पाहत बसला आणि स्थळ हातचं गेलं. घरी येऊन आपण तिघं किती हसलो होतो! मी परत आल्यापासून पहिल्यांदा हसले, ते आईनं तेव्हाच हेरलं होतं.

मला मात्र प्रत्येक शनिवारी एकच धास्ती. माझा हात चुकला तर बाबांची खुर्ची जाईल! म्हणून मी मैदानावर येऊ लागले, खेळ नीट शिकले, नवीन शब्दांसाठी तुमच्या सोबत्यांकडून नवीन खुणा बनवून घेतल्या. नळावर कुणी "काहून आली" म्हटलं, तर मी म्हणायचे, "टीव्हीच्या कामाले जाऊन राहिली, मंग बोलू." कशी सुचली असतील मला ती उत्तरं!

आणि फायनलनंतरचा तुमचा तो कार्यक्रम! सगळे गोल मारणाऱ्याचं कौतुक करत होते. तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "गोल मारणाऱ्याले सारेच पाहते. तो डावीकडचा पोट्टा पाहा. जीव तोडून पळला, त्याले बॉल भेटलाच नाही. पण तो पळला म्हणून दोघं त्याच्यामांगं गेले अन् मधात वाट झाली. ज्याच्यापाशी बॉल नाही, त्याले पाहत जा." कॅमेऱ्यामागचा माणूससुद्धा डोळा बाजूला करून तुमच्याकडे पाहू लागला. आपल्या साचेखात्यातल्या माणसानं साऱ्या नागपूरला पाहायला शिकवलं!

आता भांडण. काल मी गुलाबकाकांना रडत म्हटलं, माझ्या हातांशिवाय बाबांना एक प्रश्नही कळला नसता. काका चप्पल घालता घालता थांबले. म्हणाले, "येडी आहेस का वं? साच्यावरचा माणूस ओठ वाचते. आमी सारेच वाचतो. देवाजी तं मैदानाच्या त्या टोकाचे वाचे. त्याले तुह्या हाताची काहून गरज पडन?"

बाबा!

संत्र्याची फोड, पलीकडचा कोच, बर्डीवरची ती बंद काच, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. आणि तो शनिवारही, जेव्हा निवेदकानं गोलकीपरबद्दल विचारलं आणि मी घाबरून बॅकची खूण केली. तुम्ही बरोबर गोलकीपरबद्दलच बोललात. मी घरी येऊन आईला म्हटलं, नशीब, वाचलो! तुम्ही जेवताना मान खाली घालून हसत होतात. मला वाटलं, भाजी आवडली.

इतकी वर्षं! एकदा तरी सांगायचं होतं हो. कान गेले होते हे खरं, पण समोर बसलेल्या निवेदकाचे ओठ तुम्हाला स्वच्छ दिसत होते. प्रश्न तुम्हाला आधीच कळलेला असायचा. तरी दर वेळी त्याच्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहायचात, माझे हात पूर्ण होईपर्यंत थांबायचात. नागपूरला वाटायचं तुम्ही विचार करताय. मला वाटायचं तुम्ही वाचताय. तुम्ही तर नुसते पाहत होतात, कोपऱ्यातली पोरगी उठून उभी आहे ना, एवढंच. आणि मी म्हणत होते, बाबांना घरातली पोरगी दिसत नाही.

मी फार मोठ्या माणसाच्या पोटी जन्मले, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. जवळ असताना मी तुम्हाला नुसते बाबाच समजत होते.

तर आता शब्द देते. निरोप बदलून पाठवते, शनिवारी मी येते म्हणून. तुमच्या त्याच खुर्चीवर बसेन. माझे हात सवयीनं खुणा करू लागतील, पण कॅमेरा चेहराच दाखवतो, ते एक बरं आहे. निवेदक प्रश्न विचारेल. मला नीट ऐकू येतं, तरी मी आधी डावीकडे पाहीन आणि क्षणभर थांबेन. तिथं कुणी उभं नसेल. लोक म्हणतील, पोरगी बापासारखीच विचार करून बोलते. म्हणू द्या.

मग मी बोलेन बाबा. तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तुमची,
डावीकडे उभी असलेली
शालू