शेवटी झाडाचंच ना

४ जानेवारी
यंदाचे ठराव: चहा कमी. चिडचिड बंद. तब्येतीची हयगय नाही. थंडी आहे, म्हणून घराच्या खिडक्या बंद.
फॅक्टरीत नवा माल. लाकडाच्या लगद्याची भुकटी, पिठाहून बारीक. पोती भरायचं काम माझ्याकडे. सेफ्टीच्या मॅडम म्हणाल्या, हे नॅनो आहे, डोळ्यांना दिसत नाही तेही छातीत जातं, मास्क लावा, कपडे इथल्याच पेटीत टाका. मी म्हटलं, शेवटी झाडाचंच ना? केमिकल तर नाही.

९ जानेवारी
मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरते आणि भुकटी पोत्याऐवजी बुटात जाते. मास्क जपून ठेवलाय. गरज पडली तर.
सदरा घरीच आणतो. फॅक्टरीच्या धुण्यात बटणं तुटतात. ही आधी झटकते, मग भिजवते. म्हणाली, पगार या सदऱ्यालाच द्यायला हवा. गॅलरीत निघाली होती झटकायला. दार उघडलं की गार वारा शिरतो. आतच झटक म्हटलं.

२ फेब्रुवारी
हिला खोकला. नवी उशी, दुसरं काय! बदलून आणली.

१९ फेब्रुवारी
खोकला तसाच. खालच्या मजल्यावरचं मांजर असणार. त्यांच्याशी भांडून आलो. ही चिडचिड नव्हे, काळजी.
वर येऊन पाहतो तर ही सदरा हातात घेऊन खाली बसलेली. चार जिने चढल्यासारखी धापा टाकत होती. म्हणाली, काही नाही हो, वय झालं. तेच असणार. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली.

११ मार्च
हॉस्पिटल. डॉक्टरीणबाई आमच्या धाकटीच्या वयाच्या. विचारलं, बाबा, काम काय करता? सांगितलं. झाडाचंच आहे, हेही सांगितलं. म्हणाल्या, पीठ झाडाचंच, कापूसही झाडाचाच, त्यांच्या धुळीनेही छाती बिघडते. ही भुकटी किती वाईट, ते अजून पुरतं तपासलेलंच नाही. भुकटीमुळेच झालं असं सांगता येत नाही, नाही असंही सांगता येत नाही.
मग विचारलं, तुमचे कपडे झटकतं कोण?
मी म्हटलं, उशी बदलली आहे.

२८ मार्च
मास्क लावला. सदरा पेटीत टाकला. खिडक्या उघडल्या. चिकटपट्टी निघता निघेना.
ही घरी आली. नाकात ऑक्सिजनची नळी. पडल्या पडल्या हिने विचारलं, सदरा कुठाय? म्हटलं, आता फॅक्टरीतच धुतात. म्हणाली, बटणं तुटतील. तुटू देत म्हटलं.
दम जमवून म्हणाली, बरं झालं. मी अशी पडलेली, तुम्ही स्वतःच झटकायला घ्याल आणि तुम्हाला खोकला लागेल, हाच घोर होता मला.
नवा ठराव लिहायला बसलो होतो. सुचत नाही.