फ्रिजवरचे दोन रकाने

नवीन पनवेल,
शनिवार, सकाळ

प्रिय रुचिरा,

एकाच घरात राहून आजोबा पत्र काय लिहितात, म्हणून तू हसशील. हस. पण हे समोर बसून सांगायला माझी जीभ उचलत नाही. हातात पेन असलं की मी थोडा धीट होतो, हे शाळेपासूनचं आहे.

काल संध्याकाळी तू पेढ्यांचा पुडा माझ्या हातात ठेवलास, वाकून नमस्कार केलास आणि म्हणालीस, "आजोबा, खारघरच्या एमबीएला नाव घातलं. स्कॉटलंडचा नाद सोडला. आता दोन वर्षं इथेच, तुम्ही मला कंटाळेपर्यंत." मी पुडा धरून तसाच उभा राहिलो. म्हाताऱ्याला आनंदाने शब्द सुचेनात, असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं गं. मला धक्का बसला होता आणि तो अजून ओसरलेला नाही. आज सकाळी मी चहात दोनदा साखर घातली. सुनंदा, म्हणजे तुझी आई, म्हणाली, "बाबा, पेढे काल आले, पाक आज होतोय!" मी हसलो नाही, तेव्हा सुनंदाने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

फ्रिजवर चिकटवलेला तो तुझा कागद आठवतोय ना? मधोमध रेघ, एका बाजूला 'इथे', दुसऱ्या बाजूला 'तिथे'. काय शहाणी पोर, असं मला वाटलं होतं. 'इथे'खाली लिहिलं होतंस : कळंबोलीची नोकरी चालू राहील, वर्ग शनिवार-रविवार, शिकवणारे इथल्या बंदराच्या धंद्यातलेच, साहेब बढती देणार म्हणतात. 'तिथे'खाली : एका वर्षात पदवी, देशोदेशीची मुलं, मोठ्या बंदरांची कामं बघायला मिळतील, नंतर तिथे नोकरीची परवानगी. खाली प्रश्नचिन्ह घालून 'कर्ज'. आणि 'इथे'च्या रकान्यात सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, 'आजोबा'. जेवताना रोज त्या कागदावर वाद. तुझे बाबा वापीहून फोनवर, "बाहेरच्या शिक्क्याला वजन असतं." तुझी आई, "शिक्का घेऊन नोकरी इथेच करायची, तर एवढ्या लांब कशाला?" आणि तू दोघांचं ऐकून माझ्याकडे वळायचीस. "आजोबा, तुमचं मत?"

मी मत काय दिलं होतं, तेही आठवत असेल. मी उठलो, तुझ्याच पेनने 'तिथे'खाली दोन ओळी लिहिल्या :

दोर सोड, भरती आली,
होडी का रे बांधलेली?

आमच्या चौथीच्या गुरुजींची ही कविता. पुस्तकातली नव्हे, त्यांनी स्वतः केलेली. शाळा खाडीच्या अंगाला होती. भरतीच्या वेळी पाण्याचा वास वर्गात यायचा, मग गुरुजी गणित बाजूला ठेवायचे आणि आम्हाला चालीवर म्हणायला लावायचे. बसकरपट्टीवर उभे राहून, हात मागे बांधून, चाळीस पोरं एका सुरात. अजून डोळे मिटले की तो वास येतो. तू तीन वर्षांची असताना दोन्ही हातांनी वल्हं मारत ही कविता म्हणायचीस. त्या दिवशी फ्रिजपाशी तू ती वाचलीस, माझ्या गळ्यात पडलीस आणि रात्रीच अर्ज पुरा केलास. मला वाटलं, गुरुजींनी वरून पाठ थोपटली. कविता म्हणणं किती सोपं असतं, नाही?

मग इथल्या विद्यापीठाकडून तुझ्या गुणांची ट्रान्स्क्रिप्ट आली. तुझ्या कॉलेजच्या सगळ्या कागदांवर नाव तुझं आणि मोबाइल नंबर माझा, कारण प्रवेशाच्या वेळी रांगेत मी उभा होतो. म्हणून लिफाफाही माझ्याच हातात पडला. विद्यापीठाचा जाड लिफाफा, जोडावर शिक्का, शिक्क्यावर सही, खाली इंग्रजीत सूचना. तू ऑफिसात, सुनंदा बाजारात. मी तो कात्रीने नीट कापला. आत तुझे तिन्ही वर्षांचे गुण, एकाखाली एक. मी ते मोठ्याने वाचले, भिंतीवरच्या तुझ्या आजीला ऐकवले. सुमती असती तर तिने आधी देवापुढे ठेवले असते. मी ठेवले नाहीत, मी ते स्टेशनजवळ प्रणितच्या झेरॉक्सच्या दुकानात नेले. या घरात लॅमिनेट न झालेलं काय उरलंय? रेशनकार्ड, माझी पेन्शनची ऑर्डर, तुझ्या आजीचं भजन स्पर्धेचं प्रशस्तिपत्र. प्रणित म्हणालासुद्धा, "आजोबा, ओरिजनल हाय ना ह्यो? एकदा मशीनमधून गेला का मंग निगनार नाय, बगा. आनि नातीला येवढं मार्क, पेढं कुठं हायत?" मी म्हणालो, "कर तू."

तू घरी आलीस तेव्हा मी तो कडक, चकचकीत कागद अभिमानाने पुढे केला. तुझा चेहरा पांढरा पडला. सीलबंद लिफाफा न फोडता तसाच तिकडे पाठवायचा होता. मग तू माझ्याकडे पाहिलंस आणि काय केलंस? हसलीस. "आता हा पाण्यात पडला तरी चालेल आजोबा, फक्त स्कॉटलंडला चालणार नाही." सुनंदा म्हणाली, "बाबांना सोडा एक दिवस, अख्खी बिल्डिंग लॅमिनेट करून आणतील." सगळे हसलो. तू इथल्या विद्यापीठात दुसऱ्या ट्रान्स्क्रिप्टसाठी अर्ज केलास, तिकडच्या लोकांना मेल लिहून मुदत वाढवून घेतलीस. आतल्या खोलीत तू मैत्रिणींशी बोलताना मी ऐकलं, "आजोबांना कुणी काही बोलू नका हं. ते मनाला लावून घेतात."

रुचिरा, मी बत्तीस वर्षं शाळेच्या कचेरीत हेडक्लार्क होतो. दहावीच्या पेपरांचे गठ्ठे मी या हातांनी लाखेने सील केलेत. सीलबंद म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला हवं होतं? कात्री घेतली तेव्हा मला ते ठाऊक होतं की नव्हतं, हे मी गेला महिनाभर स्वतःला विचारतोय. शपथेवर सांगतो, उत्तर सापडत नाही. पण तू हसलीस तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. पोर जाणार नाही, असं वाटून उतरलं. त्या सुखाने मी दचकलो. एवढं मात्र नक्की.

तुला एक जुनी गोष्ट सांगायची राहिली आहे. मॅट्रिकनंतर मला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही, असं मी तुला नेहमी सांगत आलो. मलाही तसंच वाटायचं. माझे वडील भाताच्या गिरणीत कारकून होते, अबोल माणूस. मी रोज पोस्टमनची वाट बघायचो आणि ते म्हणायचे, "आलं असतं तर दिलं नसतं का?" ते गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक झाडायला काढली. तळाला घातलेल्या वर्तमानपत्राखाली पुण्याचं कार्ड होतं. अमुक तारखेला हजर व्हावे. तारीख उलटून सत्तावीस वर्षं झाली होती. मी ते कार्ड हातात घेऊन दुपारभर जमिनीवर बसलो होतो. सुमतीने जेवायला तीनदा हाक मारली. बाबांवर रागावता येईना, कारण ते नव्हते, आणि ते तसे वाईटही नव्हते. मी एवढंच म्हणालो होतो, की असं मी कधी, कुणाशी करणार नाही. सुमतीला बोललो होतो. तिने ऐकलंय.

तू गेले दोन आठवडे ऑफिसातून आल्यावर चप्पल काढायच्या आधी विचारायचीस, "आजोबा, काही आलं का हो?" आणि मी पेपरमधून मान वर न करता म्हणायचो, "नाही गं. आलं असतं तर दिलं नसतं का?"

हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं तेव्हा मला ते ओळखूही आलं नाही. काल पेढे हातात आले, तू म्हणालीस, "जाऊ दे आजोबा, विद्यापीठाने वेळेत दिलंच नाही, त्याला आपण काय करणार? तुम्ही वाट बघून बघून थकलात." तेव्हा ओळखू आलं. आवाज माझा नव्हता, गिरणीतून घरी आलेल्या माझ्या वडिलांचा होता.

दुसरा लिफाफा गेल्या मंगळवारी आला. पोचल्याचा मेसेज माझ्याच मोबाइलवर आला, आणि मेसेज पुसायचं बटण मला तूच शिकवलं होतंस. या वेळी कात्री घेतली नाही. सुमतीच्या कपाटात, तिच्या हिरव्या नऊवारीच्या घडीत ठेवला आणि दार लावलं. चूक झाली म्हणायला या वेळी जागा नाही. मी जाणूनबुजून लपवला. तो या पत्राबरोबर तुझ्या लॅपटॉपच्या पिशवीत ठेवतोय, आंघोळ करून आलीस की तू आधी तीच उघडतेस. सील शाबूत आहे, प्रकाशात धरून बघ. तिकडची मुदत पुढच्या शुक्रवारची. मी सकाळी फिरायला जातो सांगून सेक्टरातल्या कुरिअरवाल्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला, आज दुपारी दोनच्या आत दिला तर गुरुवारी पोचतो. तू स्कॉटलंडला जावंस, असं मी म्हणत नाही. इथेच राहा, असंही आता म्हणणार नाही. खारघरचा अभ्यासक्रम वाईट नाही, तुझ्या साहेबांचं म्हणणंही खोटं नाही. पण तू दोन रकान्यांतून एक निवडलास, असं तुला वाटतंय, ते खरं नाही. दुसरा रकाना मी पुसला होता. आता दोन्ही तुझ्यापुढे आहेत. फ्रिजवरच्या कागदावर 'इथे'च्या खालचं माझं नाव मी आत्ताच खोडलंय, म्हणजे हिशेब करताना ते मधे यायला नको. रागाव, ओरड, बोलू नकोस, काय हवं ते कर. मला माझ्या वडिलांना विचारता आलं नाही. तू मला विचारू शकतेस, मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलोय. फक्त आधी घड्याळ बघ. आत्ता साडेदहा झालेत.

तुझाच, दोर धरून बसलेला,
आजोबा