कोऱ्या रकान्यांतलं मावरं

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४ वाजून १० मिनिटं

आदरणीय हरेश्वरकाका,

सप्रेम जयभीम. तुमच्या बंदरावरच्या रोजच्या मासळीच्या नोंदींचे जुने कागद पट्टी धरून ओळीओळीनं परत वाचत होतो. ते संपवून लिहायला बसलो आहे.

आई बरी आहे. तुम्ही वेरूळ बघायला आलात तेव्हा आणलेले सुके बोंबील तिनं पुरवून पुरवून ठेवलेत. काल म्हणाली, "पुढच्या साली काका नवे आणतीलच की." मी डबा घट्ट लावून ठेवला.

परवा तुम्ही फोनवर ओरडलात ते बरोबरच होतं. खाडीच्या तोंडाशी पिल्लं वाढतात, ती जागा पाच वर्षं मासेमारीला बंद ठेवा, असा ठराव तुमच्या सोसायटीनं केला. सरकारच्या वीस वर्षांच्या मासेमारी आराखड्यात उत्तर आलं, की तिथली मासळी स्थिर आहे, बंदीची गरज नाही. उलट चाळीस नव्या मोठ्या बोटींना परवाने.

"स्थिर? अरं, महिना महिना बोटी रिकाम्या आल्या! मी कागद कोरा सोडला नाय काय?"

मी विचारलं, "शून्य का नाही लिहिलं, काका?"

"खुळा काय रं तू? दर्यानं काय दिलं नाय, असं आमच्या बंदरावर कोणी लिवत नाय. कोरं सोडायचं. उद्या देल, त्याची जागा ठेवायची."

"बघतो," म्हणून मी फोन ठेवला. बघायचं काहीच नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं.

त्या आराखड्यासाठी तीन वर्षांचे तुमचे कागद कॉम्प्युटरवर मीच भरले. आमचे सुपरवायझर विश्वजीत सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "रकाना रिकामा दिसला की समजायचं, लिहिणारा विसरला. आदल्या दिवसाचा आकडा टाकायचा. रिकाम्या रकान्याचे पैसे मिळत नाहीत." मी टाकत गेलो. बारावी अर्धी सोडलेल्या माणसाला हे काम मिळालं, तर चूक निघू नये एवढीच काळजी होती. माशाचं नाव 'ढोमा' की 'ढोमी' हे विचारायला मी तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही लई हसलात. "तुमच्या गावात दर्या नाय, नी मावऱ्याचं बारसं तू करतोस!" असे नऊ फोन केले. कोऱ्या रकान्यांसाठी एकही नाही.

आणि काका, मला शंका आली होती. दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये सलग एकवीस दिवस कोरे होते. पण प्रत्येक दिवसाखाली तुमची सही होती. विसरलेला माणूस रोज सही करत नाही. मी ती सही बघितली, आणि आदल्या दिवशीचे तीनशे किलो बोंबील एकवीस वेळा लिहिले.

आज सकाळी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी पडद्यावर आराखडा उघडला. मग म्हणाले, "सम्यक, आराखडा मंजूर झाला. आता फेरआढावा पाच वर्षांनी." तुम्हीच मला एकदा समजावलं होतं, "आयलाच धरली, तर पोरं कुठून येतील?" पाच वर्षं मोठ्या बोटी तिथं फिरल्यावर आढावा कशाचा घेणार, ते मी सरांना विचारलं नाही.

सोबत यादी आहे. तारीख, माशाचं नाव, मी टाकलेला आकडा, आणि प्रत्येक पानाखाली माझी सही. जिथं दाखवायची तिथं दाखवा. माझी नोकरी जाईल याचा विचार करू नका. यादी कोणी वाचेल असं मला वाटत नाही, तरी दोनदा तपासली आहे.

मी भरलेले कोरे रकाने : १,१४६
मिळालेले पैसे, रकान्याला ४० पैशांप्रमाणे : ४५८ रुपये ४० पैसे
यादीच्या झेरॉक्सचा खर्च : ५२ रुपये, तो माझा
पाकिटात तुमच्यासाठी : ४५९ रुपये (सुटे मिळाले नाहीत)
दर्याला माझं देणं बाकी :

हा रकाना मी तुमच्यासारखा सोडला आहे. फक्त, उद्याची जागा म्हणून नाही, फिटेल असा आकडाच नाही म्हणून.

तुमच्या सहीखाली खोटं लिहिणारा,
सम्यक